भिंतीवरचं वजन

शिडीवर माणूस एकटा चढत नाही, हे मी नव्या भरतीला पहिल्याच दिवशी सांगते. त्याच्याबरोबर त्याचे बूट चढतात, कमरेचा पट्टा चढतो, पट्ट्यातली पक्कड आणि हातोडा चढतो, हातातली रंगाची बादली चढते. वर जाऊन तो जे काही बसवणार असतो तेही चढतं. शिवाय माणूस पायरीवर अलगद पाय ठेवत नाही, आपटतो, आणि आपटलेल्या पायाचा भार उभ्या पायापेक्षा जास्त भरतो. एका बाजूला हात लांबवला की तो सगळा भार एकाच दांड्यावर जातो. म्हणून सत्तर किलोच्या माणसाला सत्तर किलो पेलणारी शिडी विकणारा एकतर गाढव असतो किंवा चोर. हे वाक्य मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी ते हसतात. माझ्या तोंडी ते शोभत नाही, हे त्यांना ठाऊक नसतं.

आमचा कारखाना ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला दांडे कापायची यंत्रं, मधे पायऱ्या ठोकणारी माणसं, दुसऱ्या टोकाला पॅकिंग. पॅकिंगच्या अलीकडे दोन लोखंडी घोडे आणि भिंतीला ठोकलेली स्टीलची मोजपट्टी. हा आमचा चाचणी विभाग, आणि मी त्याची प्रमुख.

आमच्या शिडीचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा तो बाहेरच्या प्रयोगशाळेत नेला होता. लेबलवर दीडशे किलो लिहायचं असेल तर शिडीने चौपट भार सोसून दाखवायला हवा. तिथे तिच्यावर सहाशे किलो लोखंड टांगलं आणि तिने ते सोसलं. पण मालाच्या दर खेपेला सहाशे किलो लोखंड कोण उचलत बसणार? म्हणून माझ्या आधीच्या साहेबांनी एक सोपी युक्ती काढली. खेपेतली एक शिडी घोड्यांवर आडवी ठेवायची, तिच्या मधोमध क्विंटलला उभं करायचं आणि शिडी किती वाकली ते पट्टीवर वाचायचं. तीस मिलिमीटर वाकली म्हणजे ती पहिल्या नमुन्यासारखीच झाली, पास. जास्त वाकली तर खेप परत. कमी वाकली तर काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण कमी वाकणाऱ्या शिडीबद्दल तक्रार कोण करणार?

क्विंटल म्हणजे आमच्या पॅकिंगमधला माणूस. त्याचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. कामाला लागला त्या दिवशी साहेबांनी त्याला पार्सलच्या काट्यावर चढवलं. काटा एकशे चोवीसवर थांबला. साहेबांनी तिथल्या तिथे ब्रश मागवला आणि मोजपट्टीच्या वर, लाल रंगात, हातभर उंचीचा आकडा काढला. तेव्हापासून चाचणी असली की पॅकिंगला निरोप जायचा, ‘वजन पाठवा.’ तो डुलत डुलत यायचा, पायपुसण्यावर बूट घासायचा, शिडीवर उभा राहायचा आणि फोटो काढून घेत असल्यासारखे दोन्ही हात कमरेवर ठेवायचा. सगळे त्याची थट्टा करायचे. मीही करायचे. जेवणाच्या सुट्टीत तो बाकावर बसला की दुसऱ्या टोकाचा माणूस मुद्दाम उडी मारल्यासारखं करायचा. क्विंटल पोट हलवत हसायचा. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि खरं सांगायचं तर त्या शेडमध्ये मला सगळ्यात जास्त आवडणारा माणूस तोच होता.

माणूस म्हणजे लोखंड नव्हे, त्याचं वजन एका जागी बसून राहत नाही, हे आमच्यापैकी कुणालाही विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही. भिंतीवर लिहिलेलं होतं.

मी प्रमुख व्हायच्या आधीची गोष्ट. एका सकाळी क्विंटल शिडीवर उभा राहिला आणि पट्टीवर पंचवीस आलं. मी त्याला उतरवलं, परत चढवलं. पंचवीसच. दुसरी शिडी आणली, तीही पंचवीस. त्याच महिन्यात आम्ही धातूचा पुरवठादार बदलला होता. मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की नवीन धातू फारच कडक निघाला, शिडी पूर्वीपेक्षा मजबूत झाली आहे. साहेब निवृत्तीला टेकले होते, त्यांनी मलाच मालकांसमोर उभं केलं. मालक आकड्यांचा माणूस. त्यांनी विचारलं, तीसची मुभा असताना आपण पंचवीसची शिडी का विकतोय? हा प्रश्न त्यांनी विचारण्याआधीच त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. दांड्याचा पत्रा दोन मिलिमीटर जाडीचा होता, तो एक पॉइंट सात केला तर शिडी बरोबर तीस वाकेल. धातू वाचेल, शिडी उचलायला हलकी होईल, लेबल तेच राहील. करून बघितलं. बरोबर तीस. पुढच्या महिन्यात साहेब गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

प्रयोगशाळेत नवा नमुना पाठवायला हवा होता. मी तसं एकदा म्हटलंही. मालक म्हणाले, पट्टी खोटं बोलते का? मी म्हटलं, नाही. विषय संपला. घरी नवऱ्याने माझ्या बढतीचं कौतुक केलं. शिडीच्या कारखान्यात वर चढायला मला शिडी लागली नाही, असा त्याचा विनोद होता आणि महिनाभर तो येईल त्याला तोच ऐकवत होता.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी क्विंटल माझ्याकडे आला. चाचणी आटोपली होती, आजूबाजूला सात-आठ जण होते. तो हळूच म्हणाला, “मॅडम, एकदा काट्यावर घ्या मला. पँट ढिली व्हायला लागलीय.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या गळ्याखालची कातडी लोंबायला लागली होती. ती मला दिसत होती, रोज दिसत होती. काटा माझ्यापासून वीस पावलांवर होता. आणि मला फक्त माझी खुर्ची दिसली. मी मोठ्याने म्हटलं, “पँट ढिली झाली तर शिंप्याकडे जा. काट्यावर पार्सलं ठेवायची असतात.” सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, क्विंटल आता हिरो होणार. तोही हसला आणि पॅकिंगकडे निघून गेला. मला त्या वेळी कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

त्याला पोटाचा रोग निघाला होता, हे मला बरंच नंतर समजलं. मोठा रोग, हळूहळू खाणारा. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात जाऊन सलाइन घ्यावी लागायची. आमच्याकडे कायम कामगाराला इस्पितळाचं कार्ड मिळतं, ते दाखवलं की सगळा उपचार कारखान्याच्या नावावर होतो. नोकरी गेली की त्याच दिवशी कार्ड बंद. क्विंटलला एवढंच समजत होतं की आपल्याला या कारखान्यात वजन म्हणून ठेवलंय, आणि वजन उतरलेलं कळलं तर वजनाला कोण ठेवणार? पॅकिंगचं काम त्याच्यापेक्षा वेगाने करणारे दहा जण होते. त्याने तो एकदा विचारलेला प्रश्न परत विचारला नाही. उलट तो लपवायला लागला. आत बनियन, त्यावर जाड शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर कारखान्याचं जॅकेट. ऐन उकाड्यात तो घामाघूम होऊन शिडीवर उभा राहायचा आणि आम्ही म्हणायचो, चरबी वितळतेय.

पट्टीवर परत सव्वीस आलं. मी पत्रा आणखी पातळ केला, एक पॉइंट पंचेचाळीस. परत बरोबर तीस. मालकांनी वार्षिक सभेत माझं नाव घेतलं. तो माणूस झिजत होता आणि त्याच्या मापाने आम्ही शिडी झिजवत होतो, इतकं सरळ होतं ते.

मग ती नट-बोल्टांची सकाळ. क्विंटल चाचणीला आला तेव्हा चालताना खुळखुळ वाजत होतं. मी त्याला थांबवलं. जॅकेटचा खिसा चाचपला, आत मूठ-मूठ लोखंड. मला राग आला, तोही असा की कानशिलं तापली. आदल्याच आठवड्यात स्टोअरमधून सामान कमी पडल्याची बोंब झाली होती. मी त्याला सगळ्यांच्या समोर टेबलापाशी उभं केलं आणि खिसे रिकामे करायला सांगितलं. जॅकेटचे चार, पँटचे चार, स्वेटरच्या आत शिवलेली एक कापडी पिशवी. बारा नंबरचे नट, जाडे बोल्ट, वायसर. टेबलावर ढीग झाला, सात-आठ किलोचा सहज. हसणारी माणसं हळूहळू हसायची थांबली. पिशवी काढताना त्याला स्वेटर वर करावा लागला आणि त्याच्या बरगड्या दिसल्या.

मी विचारलं, कुठे विकतोस? अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं. वजन भरून काढतोय, चाचणी खरी व्हावी म्हणून, एवढं म्हणायचं. पण तेवढं म्हटलं की कार्ड गेलं. तो खाली मान घालून म्हणाला, “चुकलं मॅडम. परत नाही करणार.” चोर म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

मी त्याला लेखी ताकीद दिली आणि तसाच, रिकाम्या खिशांनी, शिडीवर चढवलं. पट्टीवर सव्वीस. मी मनात म्हटलं, वा, धातू आणखी सुधारला. हे मी खरंच म्हटलं. बरगड्या बघून पाच मिनिटं झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकावर आली. ठेंगणी, स्वच्छ कपड्यातली बाई, हातात स्टीलचा डबा. सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण ती वर्षातून दोनदा सगळ्यांसाठी खायला पाठवायची. तिने नवऱ्याच्या वतीने माफी मागितली आणि मग जरा चाचरत म्हणाली की घरात नट-बोल्टांचा काही उपयोग नाही हो, आम्ही ते कुणाला विकलेले नाहीत, हे ते रोज घरी नेतात आणि रोज परत आणतात. तुम्हीच एकदा त्यांना शांतपणे विचाराल का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं की कारखान्याचं सामान घरी नेणं हीच चोरी असते, परत आणलं तरी. तिने मान डोलावली. डबा त्याच्यासाठी होता, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. कसल्या डॉक्टरांनी, ते मी विचारलं नाही.

पत्रा सव्वा मिलिमीटरवर आला.

आठ महिन्यांनी एक शिडी परत आली. म्हणजे तिचा फोटो आधी आला, मग ती. एका सभागृहात दिवे बसवणारा माणूस तिच्यावर चढला होता. बत्तीस वर्षांचा, शहाण्णव किलोचा. कमरेला पट्टा, खांद्याला ड्रिल, हातात दिव्यांचं खोकं, सगळं मिळून चौदा किलो. एकशे दहा झाले. लेबलवर दीडशे लिहिलेलं होतं आणि लेबलखाली माझी सही छापलेली होती. वरून तिसऱ्या पायरीवर उभा राहून त्याने उजवीकडे हात लांबवला. उजवा दांडा कागदी नळीसारखा चेपला. माणूस पाठीवर पडला. तो जिवंत आहे, कमरेखाली त्याला काहीच कळत नाही.

मी तो दांडा हातात घेऊन बघितला. चेपलेल्या जागी पत्रा इतका पातळ दिसत होता की मला शिसारी आली. शेडमध्ये सगळे जेवायला गेले होते. मी क्विंटलला बोलावलं आणि पार्सलच्या काट्याकडे बोट दाखवलं. त्याने जॅकेट काढलं, स्वेटर काढला, बूट काढले, घडी घालून बाजूला ठेवले आणि काट्यावर चढून डोळे मिटले. एकोणऐंशी.

मी खाली बसले. चाचणीची अडीच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उलटी चालत गेली. पंचवीस, सव्वीस, सव्वीस. धातू कधीच सुधारला नव्हता. क्विंटलने डोळे उघडले आणि अगदी साधेपणाने म्हणाला, “मी म्हटलं होतं मॅडम, काट्यावर घ्या.”

मी म्हटलं, नंतर का नाही बोललास? त्याने रोगाचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, सलाइनचं सांगितलं. आधी बारा झाल्या होत्या, आता सहा राहिल्या होत्या. सहा पूर्ण झाल्या तर डॉक्टर म्हणतात पाच-सात वर्षं तरी काढाल. मधेच सोडल्या तर केलेलंही फुकट. हे सगळं तो बुटाची नाडी बांधता बांधता सांगत होता आणि मी ऐकता ऐकता हिशोब करत होते. माझा हिशोब.

मालकांनी त्या जाडीचा सगळा माल परत मागवला, तेवढं तरी त्यांनी लगेच केलं. तपासणी अधिकारी यायच्या आदल्या दिवशी मी क्विंटलला केबिनमध्ये बसवून चहा दिला. त्याला समजावलं की अधिकारी एकच गोष्ट शोधणार. पद्धत चुकीची होती हे उघडच आहे, पण ती माझ्या आधीपासून चालत आलेली. वजन उतरलंय हे मला कुणी सांगितलं होतं का, प्रश्न तेवढाच. कुणी सांगितलं असेल तर माझ्यावर खटला, माझी नोकरी, सगळंच. नसेल सांगितलं, तर एका आजारी कामगाराने भीतीपोटी लपवलं, एवढीच नोंद होईल. आणि तू लपवलंच होतंस की, स्वेटर घातलेस, खिसे भरलेस, यात खोटं काय आहे?

तो चहात बघत राहिला. मग त्याने विचारलं, “कार्ड?”

“कार्ड चालू राहील. सहाच्या सहा होतील. मी मालकांशी बोलते, माझा शब्द.”

तो म्हणाला ठीक आहे. मला आठवतं, त्याने कप विसळून ठेवला.

अधिकारी सडपातळ, बारीक आवाजाचे गृहस्थ होते, सारखा चष्मा पुसायचे. त्यांनी घोडे बघितले, पट्टी बघितली, भिंतीवरचा लाल आकडा बघितला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग क्विंटलला काट्यावर चढवलं. शहात्तर. त्यांनी भिंतीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहून घेतला आणि मालकांना म्हणाले की असा मूर्खपणा मी नोकरीत बघितला नव्हता, पण मूर्खपणाला शिक्षा नाही. लोखंडी वजनं आणा आणि नमुना परत प्रयोगशाळेत पाठवा. आता मला एकच विचारायचंय.

ते क्विंटलकडे वळले. मालक, मी, पॅकिंगचे दोघे-तिघे, सगळे तिथेच उभे होते. ते दोघे-तिघे त्या दिवशीही होते, शिंप्याच्या विनोदाला हसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते जमिनीकडे बघत होते. त्यांनाही नोकरी होती.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुमचं वजन उतरतंय, हे तुम्ही मॅडमना सांगितलं होतं?”

क्विंटल म्हणाला, “नाही साहेब. मॅडम अडीच वर्षं रोज माझ्याकडे बघत होत्या. सांगायचं काय त्यात?”

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहिलं, ‘सांगितले नाही’. पुढचं वाक्य त्यांनी लिहून घेतलं नाही. ते वाक्य मला मात्र उभं चिरत गेलं आणि त्याच वेळी मला सुटल्यासारखं वाटलं, इतकं की हसू येईल अशी भीती वाटली. अहवालात माझ्यावर ठपका आला नाही. बिनडोक पद्धत चालू ठेवली म्हणून समज मिळाली, ती मी फाइलला लावली.

त्यानंतर चार दिवसांनी मालकांनी मला बोलावलं. अहवाल त्यांच्यासमोर उघडा होता. ते वाईट मनाचे नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी मला विचारलं, त्या माणसाचं काय करूया? अहवालात दोष त्याच्यावर आहे, वकील म्हणतात काढून टाका. पण आजारी आहे असं ऐकतो. तुम्ही म्हणाल तर बसून करायचं कागदपत्रांचं काहीतरी काम देऊ, वर्षभर ओढू. त्याला तुम्ही ओळखता, तुम्ही सांगा.

मला मागावंही लागलं नाही. ते स्वतःच द्यायला बसले होते. फक्त हो म्हणायचं होतं.

हो म्हणायच्या ऐवजी मला वर्षभराचे दिवस दिसले. रोज सकाळी तो फाटकातून आत येणार, रोज माझ्याकडे बघून मान लववणार, रोज थोडा थोडा कमी होत जाणार, आणि कधीतरी, सलाइनच्या गुंगीत किंवा बाकावर कुणाशी बोलता बोलता, ‘मी तर सांगितलं होतं’ एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निसटणार. आणि नाही निसटले तरी तो मला रोज दिसणार. मला ते सोसवलं नसतं. मी मालकांना म्हटलं, “आता त्याचा आपल्याला काय उपयोग?”

मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. बरं म्हणाले आणि सही केली.

शेवटच्या दिवशी क्विंटल माझ्या केबिनमध्ये आला. दोन जॅकेटं, बूट, गेटपास आणि इस्पितळाचं कार्ड, सगळं त्याने टेबलावर ओळीने मांडलं. कार्डाच्या कोपऱ्याला पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, दुमडू नये म्हणून. मी सामान मिळाल्याची पावती लिहायला घेतली. पेन धड चालत नव्हतं. तो उभाच होता, मी त्याला बसा म्हणाले नाही.

किती राहिल्या, मी विचारलं. विचारायला नको होतं. तो म्हणाला पाच. परवाची तारीख होती, फोन करून नको म्हणून कळवलं. बायको पैशांचं कुठून तरी बघते म्हणतेय, बघू.

पावती त्याने घडी करून खिशात ठेवली. दारापाशी गेला, परत वळला. मला वाटलं आता बोलेल, आता सगळं काढेल, आणि कुठेतरी आत मला ते हवंही होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला माझी काळजी वाटत होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही माझ्यासाठी मालकांशी बोलला असाल. मला माहितीय. नाही ऐकलं त्यांनी, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.”

मी म्हटलं, “खूप बोलले हो. ऐकलंच नाही त्यांनी.”

तो मान डोलावून गेला.